मौजेची होडी आणि उशिरा पोहोचणारा नियम

१/
१३ जानेवारी २०१८. संक्रांतीच्या आदल्या दिवशीचा शनिवार. डहाणूच्या पारनाका किनाऱ्यावरून कनिष्ठ महाविद्यालयातील सुमारे ४० विद्यार्थ्यांना घेऊन एक होडी समुद्रात फेरफटका मारण्यासाठी निघाली आणि किनाऱ्यापासून काही अंतरावर उलटली. आसपासच्या होड्यांवरील मच्छीमार आणि तटरक्षक दल यांनी बहुतेकांना वाचवले. तीन विद्यार्थिनींचा मृत्यू झाला. आज त्या साधारण माझ्याच वयाच्या असत्या. हा धागा त्यांच्या निमित्ताने, परंतु गेल्या पाच शतकांविषयी आहे.

२/
मी बोईसरची. दुर्घटनेनंतर आमच्याकडे जो तो एकच प्रश्न विचारत होता, ‘चूक कोणाची?’ इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून माझ्या मनात दुसरा प्रश्न राहिला. त्या होडीची नोंद सरकारच्या नेमक्या कोणत्या वहीत व्हायला हवी होती? मासेमारीच्या, उतारू वाहतुकीच्या की पर्यटनाच्या? आपल्या किनाऱ्यावर प्रत्येक राजवटीने होड्यांच्या वह्या ठेवल्या. मात्र केवळ मौजेसाठी पाण्यात जाणारी लहान होडी त्या वह्यांत फार उशिरा आली. का, ते पाहू.

३/
आधी पाण्याची ओळख. अर्नाळ्यापासून दातिवरे, केळवे-माहीम, सातपाटी, नवापूर, तारापूर, चिंचणी आणि डहाणूपर्यंतचा हा किनारा खाड्यांनी चिरलेला आहे. भरती-ओहोटीचा फरक येथे मोठा असतो. केळव्याच्या खाडीमुखावरील पाणकोट हे त्याचे सोपे उदाहरण. ओहोटीला तेथे चालत जाता येते, भरतीला होडी लागते. जेथे सकाळी वाळू असते, तेथे दुपारी पुरुषभर पाणी असते. येथील माणसाला होडी ही चैन कधीच नव्हती. ती पायवाटेसारखी नित्याची होती.

४/
१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे माहीम, तारापूर, डहाणू ही ठाणी त्यांच्या ‘उत्तर प्रांता’त मोडू लागली. समुद्रात जाणाऱ्या व्यापारी गलबतांना पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ हा परवाना घ्यावा लागे. त्यात गलबताचे नाव, नाखव्याचे नाव, माल, शस्त्रे आणि मुक्कामाचे बंदर लिहिलेले असे. परवाना नसलेले गलबत जप्त होण्यास पात्र ठरे. आपल्या पाण्यावरील लेखी नियमनाचा हा ठळक आरंभ म्हणता येईल.

५/
या कागदात काय विचारले जाई, याकडे लक्ष द्या. माल किती, तोफा किती, जाणार कुठे. गलबत पाण्यात टिकेल का, हा प्रश्न त्यात नव्हता. मराठा आरमाराचे, विशेषतः आंग्र्यांचे ‘दस्तक’ही याच जातीचे होते. समुद्रावर सत्ता कोणाची आणि जकात कोणाला, हे त्यातून ठरे. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला. किनाऱ्यावरील निशाण बदलले. होडीकडे पाहण्याची राज्यसंस्थेची दृष्टी मात्र तीच राहिली. होडी म्हणजे महसूल, होडी म्हणजे युद्धसामग्री.

६/
मग माणसांच्या जिवाचा नियम नव्हताच का? होता. तो कागदावर नव्हता एवढेच. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच पुन्हा पाण्यात लोटायच्या, ही कोळी समाजाची रीत म्हणजे हवामानावर आधारलेला बंदी-आदेशच होता. होडीवर तांडेलाचा शब्द अखेरचा. वारा, पाण्याचा रंग, अमावास्या-पौर्णिमेची उधाणे, यांचे वाचन करून निघायचे की नाही ते तो ठरवी. ही सुरक्षाव्यवस्था होती आणि ती अनुभवावर उभी होती.

७/
या रीतीची एक मर्यादा होती. होडीतील प्रत्येक जण पाण्यात वाढलेला आहे, असे ती गृहीत धरत असे. खलाशाला कुठे बसावे, लाट आली तर काय धरावे, हे सांगावे लागत नसे. ज्या दिवशी होडीत पाण्याशी परिचय नसलेली माणसे मोठ्या संख्येने बसू लागली, त्या दिवसापासून केवळ तांडेलाचे शहाणपण अपुरे पडू लागले. लेखी सुरक्षा-नियमांचा खरा इतिहास येथून सुरू होतो.

८/
एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाने प्रथम हात घातला तो ‘तरी’ला. तर म्हणजे नदी वा खाडी ओलांडून देणारी होडी. १८६८ च्या मुंबई इलाख्याच्या तरींविषयीच्या कायद्याने सार्वजनिक तरी सरकारी नियमनाखाली आल्या आणि त्यांचे भाडे व मक्ता यांना कायद्याची चौकट मिळाली. ‘उतारू’ हा घटक अशा रीतीने कायद्यात आला. तिकीट देणारा, पलीकडे जाणारा माणूस. जो निघाल्या ठिकाणीच परत येतो, त्याची कल्पना या चौकटीत नव्हती.

९/
त्यानंतर वाफ आली. अंतर्गत जलमार्गांवरील आगबोटींसाठी १८८४ मध्ये आणि पुढे अधिक व्यापक असा १९१७ मध्ये कायदा झाला. बोटीची तपासणी, नोंदणी, चालकाचे प्रमाणपत्र, अपघात झाल्यास चौकशी ही आजही ओळखीची वाटणारी चौकट त्यातच दिसते. पण कायदा यंत्राला घाबरत होता. बाष्पक फुटेल, इंजिन बिघडेल ही त्याची चिंता होती. वल्ह्यांची आणि शिडांची होडी बहुतांशी या चौकटीबाहेरच राहिली.

१०/
यंत्राला घाबरण्याचे कारण होते. पालघर जिल्ह्यातून वाहणाऱ्या वैतरणा नदीचे नाव धारण करणारी ‘वैतरणा’ ही आगबोट नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. तिच्यावर ७०० हून अधिक माणसे होती. लग्नाची वऱ्हाडे होती, मॅट्रिकच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विद्यार्थी होते. कोणीही परतले नाही. बोटीचे अवशेषही हाती लागले नाहीत.

११/
चौकशीत एक बाब पुढे आली. जीवरक्षक होड्या आणि तरंगण्याची साधने माणसांच्या मानाने अपुरी होती. बोट तीनच वर्षांपूर्वी बांधलेली, नव्या तंत्राची, झगमगणाऱ्या दिव्यांची. उतारूंनी झगमगाट पाहिला, साधने मोजली नाहीत. १८८८ चे ते विद्यार्थी आणि २०१८ चे डहाणूचे विद्यार्थी यांच्यात १३० वर्षांचे अंतर आहे. न मोजलेल्या साधनांची गोष्ट तीच आहे.

१२/
जगातही हेच चालले होते. अति लादलेल्या जहाजांविरुद्ध इंग्लंडमध्ये सॅम्युएल प्लिमसॉल या खासदाराने मोहीम चालवली. तिच्यामुळे १८७६ मध्ये जहाजाच्या कुशीवर भाररेषा रंगवणे बंधनकारक झाले. पाणी त्या रेषेच्या वर आले, तर भार जास्त आहे हे अडाणी माणसालाही दिसावे, ही त्यामागची सुंदर कल्पना. आज होडीच्या कुशीवर ‘आसनक्षमता’ रंगवलेली असते, ती याच कल्पनेची दूरची नात आहे.

१३/
१९१२ चे ‘टायटॅनिक’ तर नियम पाळून बुडाले. ब्रिटिश नियमांनुसार जीवरक्षक होड्यांची संख्या जहाजाच्या टनावरून ठरे, माणसांच्या संख्येवरून नव्हे. जहाजावर सुमारे २,२०० माणसे होती आणि होड्यांत जागा होती ११७८ जणांना. जहाजे वाढली, नियम जुनाच राहिला. त्यानंतर जानेवारी १९१४ मध्ये सागरी जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. माणशी एक जागा, हे तत्त्व एवढ्या मृत्यूंनंतर मान्य झाले.

१४/
आपल्याकडे आणखी एक व्यवस्था उभी राहत होती, बावट्यांची. बंदरावर वादळाची सूचना देण्याची पद्धत १८६५ मध्ये कलकत्त्यात सुरू झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि ही व्यवस्था पश्चिम किनाऱ्यावरही आली. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य आजही आपल्या बंदरांवर ऐकू येते. तांडेलाच्या डोळ्यांतील ज्ञान आता काठीवर चढले. काठीकडे पाहण्याची सवय ज्याला आहे, त्यालाच त्याचा उपयोग.

१५/
११ नोव्हेंबर १९२७ रोजी वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्याभरावर आलेले असताना भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. पावसाळी समुद्र, मोठी लाट, बोट एका कुशीवर कलली आणि घाबरलेले उतारू एका बाजूला धावले. जे वाचले, त्यांतील अनेकांना कोळ्यांच्या होड्यांनी वाचवले.

१६/
येथे थोडे पदार्थविज्ञान आवश्यक आहे. तरंगणारी होडी स्थिर राहते ती तिचा भार खाली आणि मध्यावर असल्यामुळे. माणूस बसला की भार खाली राहतो, उभा राहिला की वर चढतो. दहा-वीस माणसे उभी राहून एका काठाला गेली, तर होडी कलते. कलल्यामुळे घाबरून आणखी माणसे हलतात आणि काठावरून पाणी आत येते. आत आलेले पाणी सखल बाजूलाच साचते. या टप्प्यानंतर तांडेल कितीही कुशल असो, त्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

१७/
म्हणूनच मासेमारीची चांगली होडी आपोआप चांगली उतारू-होडी होत नाही. मासळी आणि बर्फ खणात, म्हणजे तळाशी असतात. त्यांचा भार होडीला उलट स्थैर्य देतो. तीच होडी रिकाम्या खणानिशी, वर उभी माणसे घेऊन निघाली, तर तिचा तोल वेगळाच असतो. मासळी आपणहून एका काठाला छायाचित्र काढायला येत नाही. डहाणूच्या दुर्घटनेनंतर आलेल्या बातम्यांत क्षमतेहून अधिक गर्दी, एका बाजूला झालेली दाटी आणि अंगावर नसलेली लाइफ जॅकेट यांचाच उल्लेख होता.

१८/
आता वह्यांकडे परत येऊ. स्वातंत्र्यानंतर किनाऱ्यावर यांत्रिक होड्या आल्या आणि सातपाटीसारखी गावे त्यात अग्रेसर राहिली. मासेमारी होडीचा परवाना मत्स्यव्यवसाय विभागाकडे गेला, त्यासाठी १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा आला. १ जून ते ३१ जुलै ही आजची बंदी नारळी पौर्णिमेच्या रीतीची शासकीय बहीण वाटते. तिचा मुख्य हेतू मात्र माशांचे प्रजनन हा आहे. माणसांचा जीव त्यातून वाचतो, तो ओघाने.

१९/
उतारू वाहतुकीची वही १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आली. राज्यातील ४८ लहान बंदरे या मंडळाखाली आहेत. त्यांत तारापूर, सातपाटी, डहाणू येतात. बोटीची तपासणी, आसनक्षमता, सारंगाचे प्रमाणपत्र, जलक्रीडांची परवानगी हे त्याचे काम. पावसाळ्यात साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात उतारू जलवाहतूक बंद ठेवण्याची प्रथाही आहे. म्हणजे वही आता आहे. प्रश्न आहे तो तिच्यात नाव चढण्याचा.

२०/
हे नाव का चढत नाही? कारण मौजेची फेरी अचानक जन्मते. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि केळवे, चिंचणी, डहाणू, बोर्डी हे किनारे मुंबईकरांच्या एका दिवसाच्या आटोक्यात आले. किनाऱ्यावर गर्दी, किनाऱ्याला होडी, कोणीतरी विचारते, ‘काका, एक चक्कर मारून आणाल का?’ त्या क्षणी मासेमारीची होडी उतारू-बोट होते आणि तासाभराने पुन्हा मासेमारीची. धक्का नाही, तिकीटखिडकी नाही. मोजणी करणारे कोणी नाही.

२१/
अंतर्देशीय जलयानांविषयीचा १९१७ चा कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला. यंत्र नसलेल्या होड्यांचाही विचार त्यात आहे. शंभर वर्षांनी कायद्याची नजर इंजिनावरून होडीवर उतरली, हे महत्त्वाचे. पण तो अंतर्देशीय पाण्यासाठी आहे. खाडी कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो, ही रेषा नकाशावर असते. वाळूवरून होडीत चढणाऱ्या मुलाला ती दिसत नाही. आपण कोणत्या कायद्याच्या पाण्यात आहोत, हे त्याला ठाऊक असण्याची अपेक्षाही चुकीची आहे.

२२/
नोंदणीकृत बोट म्हणजे सुरक्षिततेची हमी, असेही समजू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान नौका आदळली. १५ जणांचा मृत्यू झाला. प्रवासी बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. दुर्घटनेनंतर प्रत्येक प्रवाशाला ते सक्तीचे करण्यात आले. क्रम पुन्हा तोच, आधी मृत्यू, मग अंमलबजावणी.

२३/
एका आक्षेपाची दखल घ्यायला हवी. ‘मच्छीमाराची जोडकमाई बंद करायची का?’ मला तसे वाटत नाही. ‘रामदास’च्या वेळी आणि डहाणूलाही पहिला हात पोहोचला तो मच्छीमारांचाच. या पाण्याचे ज्ञान त्यांच्याइतके कोणाकडे नाही. मासळी घटत असताना पर्यटनाची कमाई त्यांच्या घरात यायलाच हवी. पण परवान्याची वाट लांब आणि ग्राहक समोर उभा असेल, तर माणूस काय निवडेल हे उघड आहे. गावातल्या बंदरावरच तपासणी, प्रशिक्षण आणि परवाना मिळाला, तर तांडेलाची रीत आणि कायद्याची वही एकत्र येतील.

२४/
आपल्यासाठी, म्हणजे वाळूवर उभ्या असलेल्यांसाठी, या सगळ्या इतिहासाचा अर्क चार प्रश्नांत मावतो. होडीवर नोंदणी क्रमांक आणि माणसांची क्षमता रंगवलेली आहे का? डोकी मोजून तितकीच लाइफ जॅकेट आहेत का, आणि ती कोपऱ्यात रचलेली नसून अंगावर, पट्टे आवळून आहेत का? आज बावटा किंवा हवामानाचा इशारा आहे का? सगळे बसून राहणार आहेत का? पहिला प्रश्न प्लिमसॉलने विचारला, दुसरा ‘वैतरणा’ने, तिसरा बंदरावरच्या बावट्याने, चौथा ‘रामदास’ने.

२५/
चारपैकी एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल, तर चढू नये. गटात असे म्हणणे अवघड असते, हे मला ठाऊक आहे. केळव्याला मैत्रिणींसोबत गेले असताना मी एकदा जॅकेट मागितले, तेव्हा सगळे हसले. जॅकेट नव्हते, म्हणून मी वाळूवरच थांबले. त्या सुखरूप परत आल्या आणि दिवसभर माझी थट्टा झाली. बहुतेक वेळा असेच होते, होडी परत येते. नियम मोडूनही सुखरूप परतलेल्या शेकडो फेऱ्या हाच नियमाचा सर्वांत मोठा शत्रू आहे.

२६/
आमचा किनारा झपाट्याने बदलतो आहे. वैतरणेच्या खाडीत विरारजवळचे मारंबळपाडा आणि सफाळ्याजवळचे जलसार यांच्यामध्ये वाहने नेणारी रो-रो बोट आली. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. पाण्यात मोठी जहाजे वाढतील, किनाऱ्यावर माणसे वाढतील आणि मौजेच्या होड्याही वाढतील. कार्ताझपासून आजवर प्रत्येक राजवटीने मोठ्या गलबताचा कागद आधी केला आणि लहान होडीचा नंतर. या वेळी तरी क्रम बदलावा.

२७/
‘वीजळी’वरील विद्यार्थी परीक्षेला निघाले होते, डहाणूचे विद्यार्थी फेरफटका मारायला. दोन्हीकडे होडीत बसताना मुलांनी एकच गोष्ट गृहीत धरली होती, की कोणीतरी मोजले असेल. पुढच्या वेळी होडीत पाय टाकण्याआधी आपण स्वतः मोजू या. धागा येथे संपतो. आपल्या गावच्या तरीच्या, धक्क्याच्या किंवा बुडालेल्या बोटीच्या आठवणी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून खाली अवश्य लिहा. त्या कोणत्याच वहीत नसतील.